सुतळीची झाडं

"फोटोवरून स्थळ ठरतं, रोग नाही. रोग हात लावूनच ठरतो," असं उत्तरेश्वर साहेब नेहमी म्हणत. मूळचे बार्शीकडचे, पण शनिवार पेठेत केस पिकले आणि जिभेला तिथलीच धार चढली. फळबागेवर विषाणू आल्याची बातमी त्यांच्या प्रयोगशाळेत आली, की फोनवरचे फोटो बाजूला सारून साहेब स्कूटर काढत. बागेत पान चुरगाळत, देठाला नख लावून चीक बघत, आणि झाड निरोगी निघालं की खूण म्हणून त्याला सुतळी बांधत.

लोणी काळभोरला वेणूबाईंच्या पपईच्या बागेत ते असेच आले होते. तिथं विषाणू आल्याची आवई मंडईत उठली होती आणि व्यापारी वेणूबाईंचा माल उचलेना. साहेबांनी आधी शेजारच्या बजरंगची बाग तपासली. तिथली बातमी खरी निघाली. मग बांध ओलांडून ते इकडे आले, मधल्या वाटेनं थांबत थांबत, एकाआड एका झाडाला सुतळी बांधत गेले आणि म्हणाले, "बाई, बाग धुतल्या तांदळासारखी आहे. व्यापाऱ्याला माझं नाव सांगा."

महिना होतो न होतो, तोच वेणूबाईंनी त्यांना परत बोलावलं. कशासाठी, ते फोनवर सांगवेना.

शेंडे पिवळे पडून आखडले होते. हिरव्या फळांवर तेलकट वलयं उठली होती. साहेबांनी सवयीनं हात पुढे केला.

"आदी सुतळी बघा," वेणूबाई म्हणाल्या.

त्यांनी बघितली. आजारी झाड, त्याला सुतळी. शेजारचं टवटवीत, त्याला नाही. पुढचं आजारी, पुन्हा सुतळी. वाटेच्या टोकापर्यंत तसंच. साहेबांचा हात हवेतच राहिला.

"त्या दिवशी बजरंगकडनं आलात, तवा हात धुतलं हुतं का वो?"

"नाही." साहेबांनी आपली नखं बघितली. "नखात त्याचा चीक राहिला असणार."

"बांधावर हंडा भरून ठिवला हुता म्या."

"रोग मावा किडीनं आणला म्हणालो असतो, बाई. पण मावा काही सुतळी बघून बसत नाही." ते खाली बघत म्हणाले, "सुतळीची सगळी आजच उपटा. जाळा. बाकीची वाचली तर वाचतील."

वेणूबाईंनी भरल्या फळांच्या त्या झाडांकडे बघितलं. लेकीच्या अंगाला लावावा तसा खोडाला हात लावला.

"मंग फोटोच बरा हुता की, साहेब."

दोन्ही हात काखेत घालून, पानाला खांदाही लागू न देता, साहेब वाटेच्या अगदी मधून निघाले. वेणूबाई बघत उभ्या होत्या. फाटकाची कडी साहेबांनी कोपरानं उघडली.