पडद्यामागचा वजनकाटा

दवाखाना बंद करून बरीच वर्षं झाली. मित्र भेटले की म्हणतात, किस्से सांग. मूल होत नाही म्हणून येणाऱ्यांचे किस्से न मागता साठत जातात. मी उत्साहाने सुरू करतो, आणि नेमकं कुठे हसायचं तेच मला कळेनासं होतं.

*

नव्वदीच्या दशकात सुरतेजवळ उधन्याला माझा दवाखाना होता. पेशंट बहुतेक खानदेशातले, कापडाच्या लूमवर राबणारे. सुनेला विचारावं, पाळी कधी आली होती? तारीख सासू सांगायची, तीही बिनचूक. एकदा म्हटलं, अहो, तिला बोलू द्या की.

"तिले काय विचारता, माले विचारा. ती बाजूला बसते तवा भाकरी मालेच थापाव्या लागतात!"

*

एक कामगार बायकोला घेऊन आला. आधीची मुलं किती? "पाच." मी लिहून घेतलं आणि कुटुंबनियोजनावर चांगलं लेक्चर दिलं. बायको खाली बघत म्हणाली, "ती जाऊबाईंची."

तो माझ्यावरच चिडला. "एका चुलीवर जेवतात साहेब. त्यात वेगळं काय मोजायचं?"

*

खरी हिस्ट्री मिळवायची युक्ती आमच्या सिस्टर शांताबाईंची. वजनकाटा त्यांनी पडद्यामागे ठेवला होता. वजनाच्या निमित्ताने सुनेला एकटीला आत न्यायच्या आणि हळूच विचारायच्या, आधी कधी दिवस गेले होते का? पडलेला गर्भ, त्यानंतरचा ताप, सगळं तिथे बाहेर यायचं. उपचार कुठून सुरू करायचे ते त्यावरच ठरायचं.

एका सासूला संशय आला. म्हणाली, माझंही वजन करा. काट्यावर उभी राहिली आणि शांताबाईंच्या कानाशी लागली, "मालेही सहा वर्षं काही नव्हतं. तिले सांगू नका."

*

सुनंदा पहिल्यांदा आली त्या दिवशी काटा दुरुस्तीला गेला होता. आधी दिवस गेले होते का, हे मी टेबलावरूनच विचारलं. सासू म्हणाली, नाही. मी "नाही" लिहिलं. माझ्या नावापुढे तीन डिग्र्या होत्या. सासूला दोन मिनिटं बाहेर बसा म्हणायला त्यातली एकही लागत नव्हती.

काटा परत आला, पण उत्तर लिहिलेलं होतं म्हणून पुन्हा कोणी विचारलं नाही. त्या "नाही"वर विसंबून दीड वर्ष बीज तयार व्हायच्या गोळ्या दिल्या. दर महिन्याला ती यायची, मान हलवायची. दिवाळीपर्यंत काही झालं नाही तर तिला कायमची माहेरी धाडायचं घरात ठरलं होतं. शेवटी गर्भनळ्यांचा एक्स-रे काढला. दोन्ही बंद. त्या गोळ्यांचा पहिल्या दिवसापासून उपयोग नव्हता.

रिपोर्ट हातात घेऊन त्या दिवशी मीच पडद्यामागे गेलो. ती काट्यावर उभी होती. हलक्या आवाजात तिने सांगितलं, लग्नाच्या पहिल्याच वर्षी माहेरी असताना गर्भ पडला होता. सुईणीने पोट साफ केलं, वीस दिवस ताप होता. सासरी कळू द्यायचं नाही म्हणून आईने शपथ घातली होती.

"दीड वर्ष सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही मला कुठे विचारलं, डॉक्टर? आत्यांना विचारलं."

मुंबईला लाखभर रुपयांत टेस्ट ट्यूब बेबी करतात, हे सांगायला माझी जीभ रेटेना. तेवढ्यात पडद्यापलीकडून सासूने विचारलं, "किती भरलं गं वजन?"

सुनंदा काट्यावरून उतरली, डोळे पुसले, पदर नीट केला.

"तेवढंच आहे, आत्या. काही वाढलं नाही."