तीन ठोक्यांचा शब्द

वाचा ही ईश्वराने माणसाला दिलेली सर्वश्रेष्ठ देणगी आहे. हे वाक्य स्पीच थेरपीच्या दवाखान्यात भिंतीवर लावलेलं होतं. त्याच्या खाली, तितक्याच मोठ्या अक्षरांत, मोबाइल बंद ठेवण्याची विनंती होती.

अर्धांगाच्या झटक्यात बाबांची वाचा गेली. समजत सगळं होतं, शब्द तेवढा येत नव्हता. तो परत येईल का, हा एकच प्रश्न घरात होता आणि त्यांच्यासमोर तो कोणी काढत नव्हतं.

थेरपिस्ट वयाने लहान, पण धीराची. तिने बदक, कमळ अशी चित्रं दाखवली. बाबांनी मान फिरवली. सगळी नोकरी अंबडच्या कारखान्यात झालेली. बदकाशी त्यांचा कधी संबंध आला नव्हता. पुढच्या खेपेला आईने त्यांची हत्यारांची पेटीच नेऊन टेबलावर ठेवली. बाबांनी डाव्या हाताने स्क्रूड्रायव्हर उचलला.

“अवघड शब्द निवडलात, काका,” ती म्हणाली. “तुकडे करू. स्क्रू हा एक शब्द, ड्रायव्हर दुसरा. ड्रायव्हरचे परत दोन. प्रत्येक तुकड्याला टेबलावर एक ठोका.”

स्क्रू. ड्राय. व्हर. घरीही तेच, सकाळ-संध्याकाळ. ठोके अचूक पडायचे, तोंडातून नुसती हवा.

“मला गप्प करताना बरा एका दमात आवाज निघायचा, अहो,” आई म्हणायची. बाबा तोंडाच्या एका बाजूने हसायचे. मग ती स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून ठेवायची.

दिवाळी होऊन गेली. एका दुपारी जेवताना बाबांना ठसका लागला. त्यांनी ताटाशेजारी तीन ठोके मारले आणि अख्खा शब्द सलग म्हणाले, “स्क्रूड्रायव्हर.”

आईची पोळी तव्यावरच राहिली. मी पेटी आणायला धावलो.

“पेटी काय आणतोस, पाणी दे त्यांना!” आई ओरडली.

पाणी पिऊन झाल्यावर बाबांनी रिकामा पेला पुढे केला. “स्क्रूड्रायव्हर.” मी परत भरून दिला. आई पदराने डोळे पुसत करपलेली पोळी उलथत होती.

तेव्हापासून घर त्या एका शब्दावर चाललं आहे. चहा, चष्मा, पंखा, सगळ्याला तोच, सुरावरून कळतं. आईला हाक मारताना ते शेवटचा तुकडा जरा लांबवतात.

खरा स्क्रूड्रायव्हर हवा असला, की बोटाने दाखवतात.