जाऊबाईंच्या कोरड्या भिंती

मंडळी, आज मला माझ्या जाऊबाईंचा फार हेवा वाटला. लपवत नाही.

आम्ही इकडे उत्तरेत, हिंदी मुलखात, दूधविनायकच्या जुन्या गल्लीत तळमजल्यावर राहतो. भिंतींना बारा महिने ओल, ऊन आत येतच नाही. माझ्या आठ वर्षांच्या मुक्ताला दमा आहे. जाऊबाईंच्या ओवीलाही होता. मग ते सगळे शहराच्या टोकाला शिवपूरला तिसऱ्या मजल्यावर राहायला गेले आणि तिचा त्रास खूप कमी झाला.

मुक्ता चार दिवस त्यांच्याकडे होती. आज आणायला गेले, तर ती ओवीबरोबर गच्चीवर पळत होती. धाप नाही, खोकला नाही.

"एकदाही पंप लागला नाही गं!" जाऊबाई आनंदाने म्हणाल्या. मी मात्र त्यांच्या भिंतीवर हात फिरवत जळत उभी राहिले.

"आई, मैं यहीं रुक जाऊँ?" ओवीशी खेळताना चाललेल्या हिंदीतच मुक्ताने विचारलं.

"नाही," मी फटकन म्हणाले आणि तिला घेऊन निघाले.

ऑटोत विचारलं, "तिथे इतकं काय आवडलं गं?"

"तिथे झोप लागते."

मी ऑटो परत फिरवायला लावला. जाऊबाईंनी काही न विचारता तिला आत घेतलं. त्याचाही मला रागच आला.

आपलं लेकरू दुसऱ्याच्या घरात बरं होतंय, हे तुमच्यापैकी कुणी सोसलंय का? कसं सोसलंत?