सरक, मी बघतो

भुताखेतांच्या गोष्टी कुणी सुरू केल्या की मी उठून चहा ठेवायला जायचे, इतका मला त्यांचा कंटाळा. आणि आज मीच इथे लिहायला बसलेय... हसायचं तर हसा.

भोपाळला शाहपुऱ्यात, तलावाजवळच्या कॉलनीत, दुसऱ्या मजल्यावर मी एकटी राहते. मूलबाळ नाही. हे इंजिनियर होते, सरकारी नोकरीत. दोन वर्षांपूर्वी गेले. घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर त्यांनी विंडोज काढून हौसेने लिनक्स घातलेलं. कॉम्प्युटरला टाइप करून हुकूम द्यायची टर्मिनलची काळी खिडकी उघडली की आधी त्यांनी लिहून ठेवलेली ओळ यायची — 'जेवलीस का?' हे गेल्यावर मला एवढं विचारणारी घरात ती ओळच उरली होती.

मार्चमध्ये सिस्टमचं अपडेट झालं आणि ओळ गायब. तिथे कसलीशी इंग्रजी सूचना. मला थोडंफार येतं, ह्यांनीच शिकवलेलं. फाइल उघडून ओळ परत लिहिली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला — पुसलेली. पासवर्ड देऊन फाइलला कुलूप लावलं, तरी तेच. शेवटी नागपूरला दिरांना फोन केला. तेही ह्याच लाइनमधले.

"वहिनी, फाइलमध्ये वरच लिहिलंय ना, हाताने बदलू नका म्हणून. ती आता सिस्टम स्वतः लिहिते."

"घर माझं, कॉम्प्युटर माझा, आणि फाइल काय त्या सिस्टमच्या बापाची?"

ते हसले. मला मात्र रडू आलं, म्हणून फोन ठेवून दिला.

त्यानंतरही मी रोज दुपारी ओळ लिहीत राहिले, सिस्टम ती रोज पुसत राहिली. मग वैतागून नाद सोडला. एका सकाळी दुसऱ्याच कामासाठी टर्मिनल उघडलं, तर मराठीत — 'सरक, मी बघतो.'

माझी कॉम्प्युटरशी झटापट चालली की हे मागून येऊन नेमकं हेच म्हणायचे. पण ही ओळ त्यांनी कधीच लिहिली नव्हती. मी तर नाहीच नाही.

भाऊजींनी नागपुरातून इंटरनेटवरून माझ्या कॉम्प्युटरमध्ये शिरून सगळं तपासलं.

"वहिनी, हे कुणा माणसाने लिहिलेलं दिसत नाही. सिस्टमनेच लिहिलंय."

"तिला मराठी कधीपासून यायला लागली?"

त्यांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून तपासायला घेतलं.

नंतर आणखी अपडेट आली. ओळ अजून आहे. का आहे, मला ठाऊक नाही... कुणाला कळलं तर सांगा, आणि नाही सांगितलंत तरी चालेल. मी आता त्या फाइलला हात लावत नाही. टर्मिनल उघडलं की खुर्ची जरा बाजूला सरकवून बसते, एवढंच.