शिवलेली नर्व्ह

"तुमची नर्व्ह तुटली आहे," डॉक्टर म्हणाले. नर्व्ह म्हणजे मज्जातंतू. कंदिलाची काच पुसताना फुटून माझ्या उजव्या मनगटात घुसली होती. मी लोणावळ्याच्या बाजारातला शिंपी. अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर झाली, आणि पोट तर त्यांच्यावरच. सुई हातात आहे की पडली, हे बघूनच कळायचं.

पुण्याच्या इस्पितळात डॉक्टरांनी तंतूची टोकं शिवली. म्हणजे तेही शिंपीच निघाले. म्हणाले, "शिवलं म्हणजे झालं नाही. तंतू इथून पुढे नव्याने वाढणार, महिन्याला जेमतेम इंचभर. त्याच्या पेशीचा पापुद्रा चरबीचा, आणि वरून पुन्हा चरबीचं वेष्टन चढतं. त्याला मायलिन म्हणतात." कोटाला अस्तर लावायलाही वेळ लागतोच, असं मी मनात म्हटलं.

चरबीचं घरी सांगितलं आणि तिथेच फसलो. माझी बायको रुकैया तुपाचा डबा घेऊन बसली. जवळच्या कुरवंडे गावाहून मालीश करायला येणाऱ्या गंगूमावशीने तिची री ओढली. "चरबी पायजे व्हय? मंग कडकडीत तूप जिरवू की. लय फरक पडंल." दोघींनी फडक्याच्या बोळ्याने मन लावून चोळलं. मला काहीच जाणवलं नाही. थोड्या वेळाने बोटांवर फोड टरारून आले, ते मी परक्याच्या हाताकडे बघावं तसे बघत बसलो.

डॉक्टर रागावले. "ती चरबी पेशी आतून बनवते. वरून चोळलेलं तूप तिथवर पोचत नाही." रुकैया मान खाली घालून ऐकत होती. मला तिच्यावर रागवावंसं वाटलं नाही.

पुढे दर खेपेला डॉक्टर मनगटापासून खाली टिचक्या मारत येत. जिथे मारल्यावर बोटांत मुंग्या येत, तिथवर तंतू पोचला असं समजायचं. घरी मी तिथे कापडावरच्या खडूने रेघ ओढायचो. रेघ फार सावकाश सरकायची. गिऱ्हाइकं दुसऱ्या दुकानात गेली. मशीन विकायचंही मनात आलं होतं. भीती वाटायची, खोटं कशाला सांगू?

असं कुणाला झालं तर बधिर हात चुलीपासून जपा आणि धीर धरा, एवढंच सांगेन.

रेघ बोटांत शिरल्यावरची गोष्ट. रुकैया चहाचा पेला नेहमी माझ्या डाव्या हातात द्यायची. त्या दिवशी मी न बघता उजवा पुढे केला आणि ओरडून पेला टाकून दिला. ती सांडलेला चहा पुसायला वाकली, ती तशीच थांबली.

"काय झालं? सांगा ना."

"भाजलं," मी म्हणालो.