उलटी केलेली खुर्ची

काल माझ्या फर्निचरच्या दुकानात वत्सलाताई आल्या. खुर्चीवर आधी बसल्या, पुढेमागे झुलून पाहिलं, मग तिला उलटी करून एकेक पाय हलवू लागल्या.

"एवढं काय तपासता, ताई?" मी हसत विचारलं.

"घरी नेल्यावर तुम्ही थोडेच भेटणार आहात?"

त्या खुर्चीबद्दलच बोलत होत्या. तरी मला लागलं. मागची पाच वर्षं मी त्यांच्याच वॉर्डाचा नगरसेवक होतो. खुर्ची घेताना माणसं अशी उलटसुलट करून बघतात. मत देताना मात्र वरचं पॉलिश पाहतात, आणि पॉलिश चढवणं हा तर माझा धंदाच. पाण्याची तक्रार घेऊन त्यांच्या गल्लीतल्या बायका आल्या, की मी कपाटांच्या मागे जाऊन बसायचो. 'भाऊ बाहेर गेलेत,' असं नोकराला सांगायला लावायचो. हे मी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

काल सांगून टाकलं. "ताई, तुम्ही सगळ्या पाण्याची तक्रार घेऊन यायचात, तेव्हा मी आतच असायचो. कपाटांमागे."

त्यांनी मान वर केली नाही.

"ठाऊक होतं की. चपला दारातच असायच्या तुमच्या," म्हणाल्या, आणि खुर्चीचा उरलेला पाय हलवून पाहू लागल्या.