भिंतीवरच्या हातातलं बी

मला दुसरेपणावर दिलं. लग्नाच्या दिवशीच माझ्या गळ्यात पहिलीच्या नावाचा चांदीचा टाक घातला. मेलेल्या सवतीला असं गळ्यात वागवायचं, ही आमच्याकडची रीत. मी मनात म्हटलं, वागवू की. माझं तोंड आधीपासूनच फटकळ. हट्टा गावाकडची ही पोरगी कोणाच्या बापाला भीत नाही, असं माहेरी सगळे म्हणायचे, आणि मलाही ते खरं वाटायचं. मग सासरी आले, पहिल्यांदा चूल पेटवायला बसले, आणि मान वर केली तर समोरच्या भिंतीवर एक हात.

हात म्हणजे शेणाची थापटी. टमाट्याचं बी राखेत आणि शेणात कालवून भिंतीला थापायचं, म्हणजे त्याला कीड लागत नाही आणि पुढच्या पेरणीपर्यंत टिकतं. गावातल्या सगळ्याच बाया तसं करायच्या. ही थापटी पहिलीनं उन्हाळ्यात लावली होती, आणि भादव्यात ती तापानं गेली. शेण वाळलं, पण पाची बोटं तशीच उठून राहिली होती. करंगळी जराशी वाकडी. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. लुगडी-भांडी तेव्हाच विकून खाल्लेली, आणि फोटो तर आमच्यात कोण काढतंय? तिचं म्हणून घरात तेवढंच उरलं होतं.

तेवढंच आणि एक लेक. पाचवं लागलेलं, हातापायाच्या काड्या. मी ताट वाढलं की ती त्या हाताखाली भिंतीला टेकून बसायची, एकदा वर बघायची, आणि आजीनं भरवलं तरच तोंड उघडायची. माझ्या हातचा घास पुढं आला की ओठ घट्ट मिटायची. सासू दिवसभर शेतात, म्हणजे लेकरू दिवसभर उपाशी. माझ्या डोळ्यांदेखत ते वाळत चाललं होतं, आणि उद्या त्याला काही झालं असतं तर गाव कोणाला बोल लावणार, हे सांगायला नको. पण खरं सांगते, गावाची भीती नंतरची. आधी जीवच तुटायचा.

घरात एकटी असले की मी त्या हाताशी भांडायचे. "बाई, तुझं लेकरू उपाशी मरून राहिलंय. जरा सांग की त्याला." हात गप्प. फुंकणी फुंकताना वर बघायचं नाही असं रोज ठरवायचे आणि रोज बघायचे. जाळ हलला की बोटं हलल्यासारखी दिसायची. पाठमोरी झाले की मानेवर गार वाटायचं. कोणाला न भिणारी मी, पण चुलीसमोर दोन भाकरी थापताना घामेजून जायचे.

पौषात भिंतीला वाळवी लागली. मातीची बारीक रेघ खालून चढत चढत करंगळीपाशी पोचली. हे म्हणाले, "काढून टाक उकिरड्यावर. कळमनुरीच्या बाजारातून दुसरं बी आणतो."

"तुमीच काढा," मी म्हटलं.

त्यांनी टोपी घातली आणि रानात निघून गेले. मी सासूला म्हटलं, "आत्याबाई, तुमी काढता का?" सासूचा खांदा तेव्हाच नेमका दुखायला लागला. "तूच काढ," ती म्हणाली, "पण वाया घालू नको. चांगली फळं निवडून धरलेलं बी हाये तिनं."

पोरगी उंबऱ्यात बसून ऐकत होती. माझ्याशी ती तोवर एक शब्द बोलली नव्हती. तेव्हा बोलली. "हात पेरला तर आई उगवल?"

सासूनं पदर तोंडाला लावला. मला खोटं बोलता येत नाही, ती माझी खोड आहे. मी म्हटलं, "न्हाई. टमाटे उगवतील."

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. "मंग पेर," म्हणाली. तिला माझं पटलेलं नव्हतं, ते दिसतच होतं.

फुटक्या माठाचं बूड घेतलं, त्याला भोक पाडलं, भोकावर खापरी ठेवली. कयाधू नदीचा गाळ आणि चाळलेलं शेणखत भरलं. मग थापटी उतरवून हातानं चुरली. अंगठा आधी. चुरताना माझ्या अंगावर सरसरून काटा आला आणि मी डोळे मिटून घेतले. बाहेर थंडी मरणाची, उघड्यावर बी उगवलं नसतं, म्हणून माठ चुलीच्या उबेला ठेवला आणि वर गोणपाट टाकलं.

कोंब आले, तसं गोणपाट काढलं. चुलीपाशी अंधार, उजेड काय तो दारातून. रोपं लांबुडकी झाली आणि सगळीच्या सगळी एका बाजूला वाकली. पोरगी म्हणाली, "आई दाराकडं बघून राहिली." मी माठ फिरवून ठेवला. रोपं उजेडाला वळतात, हे मला कळत होतं. पण दुसऱ्या दिवशी ती परत दाराकडं तोंड करून उभी दिसली, तेव्हा मी माठाला हात न लावता मागं सरले.

पुढं रोपं मरायला लागली. बुडाशी मान काळी पडायची आणि चांगलं हिरवं रोप आडवं व्हायचं. एक गेलं, मग चार, मग माठाची अर्धी बाजू. पोरगी अंथरुणाला लागली. आता आजीच्या हातचंही खाईना. मी मातीत बोट घातलं तर नुसता चिखल. मी तर पाणी बेतानं शिंपडत होते. मग माझं लक्ष गेलं, पोरगी उठून लोट्यानं माठात पाणी ओतत होती.

"काय करून राहिलीस?"

"आईला तहान लागली."

माझं डोकं फिरलं. "पाणी पाजून पाजून मारून राहिलीस तू तिला!"

तोंडातून गेलं आणि मी जीभ चावली. तिला. मीच म्हणाले, तिला. लोटा खाली ठेवून पोरगी माझ्याकडं बघत राहिली, आणि मला त्या घरात पहिल्यांदा रडू आलं.

मग आम्ही दोघींनी ती रोपं जगवायला घेतली. मेलेली उपटली, बुडाशी राख भुरभुरली, माती वरून कोरडी झाल्याशिवाय थेंब घातला नाही. माठ चुलीपासून दारात आणला, रोज थोडा थोडा जास्त वेळ उन्हात ठेवला. मूठभर रोपं वाचली, देठांना जाडी आली. थंडी ओसरल्यावर पाटाच्या कडेला पार पानांपर्यंत पुरून लावली. पोरगी माझ्या मागं मागं यायची, आजीच्या हातचं परत खायला लागली होती. माझ्या हातचं अजून नाही.

उन्हाळ्यात टमाटे लालभडक झाले. सासूनं पहिला तोडा आणला, निखाऱ्यावर भाजून चटणी केली. हे एक भाकरी जास्त जेवले. "तिच्या हातचं बी लई गोड," सासू म्हणाली. पोरगी ताटाकडं नुसती बघत बसली होती. मी घास मोडला, चटणीत बुडवला, तोंडापर्यंत नेला, आणि हात तसाच खाली आला. नाही जमलं.

"तू काहून खात न्हाईस?" तिनं विचारलं.

"मला भेव वाटतं," मी म्हटलं.

"मला पण."

मी दोघींच्या ताटातली चटणी काढून बाजूला ठेवली. दुरडीतून कोरी भाकरी घेतली, तिचा तुकडा मोडला आणि पुढं केला. तिनं वर भिंतीकडं बघितलं नाही. तोंड उघडलं.